ताम्हिणीपर्यंत शकूबाई

धायरीच्या शकूबाई पन्नासाव्या वर्षी मोटार चालवायला शिकल्या, त्याला कारण झाली मुलाची नोकरी. तेजस हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्याने हौसेने पांढरी मारुती घेतली आणि चारच महिन्यांत कंपनीने त्याला दीड वर्षासाठी अमेरिकेला धाडलं. तिथून तो फोनवर सांगायचा, "आई, आठवड्यातून एकदा गाडी स्टार्ट करत जा. नाहीतर बॅटरी उतरेल."

शकूबाई अंगणात गाडी सुरू करत, चार हात पुढे नेत, चार हात मागे आणत. क्लच त्यांना नवा नव्हता. पूर्वी ज्ञानदेवांची, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची, कंबर धरली होती तेव्हा तीन हंगाम त्यांनीच रानात ट्रॅक्टर चालवला होता. आता त्या रानात इमारती उभ्या होत्या. महिनाभर अंगणात पुढे-मागे केल्यावर त्या ज्ञानदेवांना म्हणाल्या, "हितल्या हितं किती फिरवू? मी लायसन काढते."

ज्ञानदेव म्हणाले, "काढ की. मला दवाखान्यात न्यायला बरं."

लायसन आलं. दवाखाना झाला, मंडई झाली. दसऱ्यानंतर एका रविवारी त्यांनी ठरवलं, आज काही कामाला जायचं नाही, नुसतं हिंडायचं. सोबत मोठ्या जाऊबाई दुर्गाबाई आणि शेजारच्या नव्या इमारतीत राहायला आलेल्या कुसुमताई. कुसुमताई निवृत्त शिक्षिका. त्या म्हणाल्या, "मुळशीला चला. तीस वर्षं मुलांना धरणं पाठ करायला लावली. मी स्वतः एकही नीट पाहिलेलं नाही."

चांदणी चौक ओलांडला तशी दुर्गाबाईंनी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली, ती पौड येईपर्यंत सोडली नाही. पौडच्या पुढे मात्र रस्ता मोकळा झाला. भात पिवळं पडायला लागलं होतं, बांधांवर सोनकी फुलली होती. मग एका वळणावर उजव्या हाताला एकदम पाणी आलं. निळं, लांबच लांब, मध्येच डोंगरांच्या आत शिरलेलं.

"अगं बया!" दुर्गाबाई म्हणाल्या. "हे आपल्या एवढ्या जवळ हाय?"

"नकाशात एवढंसं दिसतं," कुसुमताई म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

तळ्याच्या कडेकडेने गाडी ताम्हिणीच्या जंगलात शिरली. झाडं इतकी दाट, की भर दुपारी रस्त्यावर सावली होती. तिथे एका वळणाशी एक लांबलचक नवी गाडी चिखलात रुतलेली दिसली. भोवती तिघे तरुण आणि एक मुलगी, सगळे हिंजवडीतले. मोबाइल हातात उंच धरून रेंज शोधत होते.

त्यांच्यातला ऋषी पुढे आला. "आंटी, इथे टो करणारं कोणी मिळेल का? आम्ही अर्धा तास ट्राय करतोय."

शकूबाईंनी खाली उतरून चाक पाहिलं. जोरजोरात फिरवून पोरांनी ते अजून खोल घातलं होतं. "चावी दे," त्या म्हणाल्या.

ऋषीने मित्रांकडे पाहिलं.

"द्या हो चावी," कुसुमताई गाडीतूनच म्हणाल्या. "तशीही गाडी कुठे जात नाहीये."

शकूबाईंनी पोरांना कामाला लावलं. चाकापुढचा चिखल हातांनी उपसला, चपटे दगड आणून बसवले, वर वाळकं गवत पसरलं. मग त्या आत बसल्या. दुसरा गिअर टाकला, अगदी हलका पाय. गाडी थोडी पुढे चढली, त्यांनी ती मागे येऊ दिली, पुन्हा पुढे. तिसऱ्या झोक्याला चाकाने दगड पकडला आणि गाडी रस्त्यावर आली. मागून ढकलणारा ऋषी तेवढा गळ्यापर्यंत चिखलाने माखला.

"आंटी, सुपर!" शेफाली नावाची ती मुलगी टाळ्या वाजवत म्हणाली. "हे कुठे शिकलात?"

"उसाच्या रानात," शकूबाई म्हणाल्या. "जेवलात का?"

मग सगळे तळ्याच्या काठी परत आले. भाकरी, पिठलं, ठेचा होता. पोरांकडे वेफर्स होते. ठेच्याने पोरांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी हात थांबेनात.

जेवण झाल्यावर शकूबाई एकट्याच पाण्याशी जाऊन बसल्या. लग्न, मयत, बाजार, दवाखाना यांतलं काहीच नसताना आपण घरापासून इतक्या लांब आलो, हे जन्मात पहिल्यांदाच घडत होतं. पाय पाण्यात सोडून त्या अर्धा तास बसून राहिल्या. कोणी हाक मारली नाही. दुर्गाबाई झाडाखाली घोरत होत्या.

त्यानंतर महिन्यातला एक रविवार हिंडण्याचा ठरला. कुसुमताई नकाशा घेऊन ठिकाण काढत. पुढच्या खेपेला गल्लीतल्या सरुबाईही निघाल्या आणि मागच्या सीटवर रस्त्याकडची खिडकी कोणाची, यावरून त्यांचं नि दुर्गाबाईंचं कात्रजलाच वाजलं. भाटघरचं पाणी दिसलं, तेव्हा कुठे दोघी गप्प झाल्या.