ब्रोन्काचा नामदिवस

अपोलोनिया लोकांचं धुणं धुवायची. लग्न झालेलं नव्हतं, नातेवाईक विचारत नव्हते, आणि तिच्याबद्दल बोलायला गावाकडे एकच विषय होता, तिचा चिक्कूपणा. साबणाची उरलेली चिपसुद्धा ती फडक्यात बांधून ठेवी. अशा बाईने आणखी एक खाणारं तोंड घरात आणलं, तर गावाने तोंडात बोटं घालायला हवी होती. पण कुणी चकार शब्द काढला नाही. आपली थाप पचली म्हणून अपोलोनिया स्वतःचीच पाठ थोपटत राहिली.

थाप अशी की ब्रोन्का तिच्या मेलेल्या बहिणीची मुलगी. खरं म्हणजे ती शहरातल्या ज्यू खोगीरवाल्याची रिव्का. त्यांच्या घरचे कपडे अपोलोनियाने वर्षानुवर्षं धुतले होते. जर्मनांनी ज्यूंना मालगाडीत कोंबून न्यायला सुरुवात केली, तेव्हा खोगीरवाल्याची बायको पोरीचा हात धरून नदीवर आली आणि नुसती उभी राहिली.

"उभी काय राहिलीस? पोर गारठलीय," अपोलोनिया तिच्यावर खेकसली, आणि पोरीला सुक्या चादरींखाली टोपलीत घालून तिने हातगाडी ढकलत घरी आणली. सापडलो तर दोघींना गोळी घालतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मग शिकवणी सुरू झाली. क्रूसाची खूण, प्रार्थना, चर्चमध्ये कुठे गुडघे टेकायचे, सगळं तिने घोटून घेतलं. "चुकलीस तर आज उपाशी," असा दम द्यायची आणि स्वतःच्या ताटातला बटाटा हळूच पोरीच्या ताटात सारायची.

हिवाळ्यात गावातल्या बाया एकमेकींकडे जमून हंसाची पिसं सोलत. काडीवरचा मऊ भाग ओरबाडून ढीग करायचा, दुलयांसाठी. त्या खोलीत दार उघडायचं नाही, शिंकायचं नाही, आणि हसायचं तर मुळीच नाही, नाहीतर सगळी मेहनत हवेत. त्या संध्याकाळी बैठक शेजारच्या गेनोवेफाकडे होती. गेनोवेफाची जीभ म्हणजे कात्री. एका कोंबडीवरून अपोलोनियाशी तिचं जे बिनसलं होतं, ते अजून मिटलं नव्हतं. पण बैठक चुकवली तर चर्चा होते, म्हणून अपोलोनिया पोरीला घेऊन गेली.

बाकावर लुडविका बसलेली. गिरणीच्या नव्या कारभाऱ्याची बायको, लेकीच्या दुलईसाठी पिसं घ्यायला आलेली. तिचा नवरा जर्मन पोलिसांबरोबर पत्ते खेळायचा. तिने ब्रोन्काला न्याहाळलं.

"काय गं, तुझा नामदिवस कधी असतो?"

"मार्चमध्ये," पोर उत्साहाने म्हणाली. "मला नऊ पूर्ण होतील."

अपोलोनियाने हातातलं पीस न सोलताच ढिगात टाकलं. गावात वाढदिवस कोण मोजतो? ज्या संताचं नाव, त्या संताचा दिवस, एवढंच इथल्या पोराटोरांना माहीत. ब्रोन्काचा सप्टेंबरात. सगळं शिकवलं आणि हेच राहिलं, कारण अपोलोनियाचा स्वतःचा नामदिवस आजवर कुणी साजरा केला नव्हता. तिला तो आठवणार कुठून?

"मार्चमध्ये?" लुडविकाने भुवया उंचावल्या.

आणि गेनोवेफा हसली. साधंसुधं नाही, पोट धरून, ढिगाकडे तोंड करून. पिसांचं वादळ उठलं. बाया किंचाळल्या, खोकल्या, लुडविकाच्या नाकातोंडात पिसं गेली.

"अहो बाई, हिला काय विचारता!" गेनोवेफा डोळे पुसत म्हणाली. "मावशी ही असली चिक्कू! नामदिवसाला पोरीला कधी साखरेचा खडा मिळालाय? सप्टेंबरात मीच खसखशीची पोळी नेऊन दिली, तर निम्मी हिनेच खाल्ली! पोरीच्या लक्षात कसा राहणार तो दिवस?"

"मी मध दिला होता," कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली.

"आणि माझ्या पोरीने रिबन," तिसरी म्हणाली.

पोळी, मध, रिबन, यातलं काहीही कधी घडलेलं नव्हतं. लुडविका शिंकत शिंकत हसली, अपोलोनियाकडे बघून "शोभतं का हो हे?" म्हणाली, आणि आपलं गाठोडं घेऊन गेली.

बाकीच्या बाया पांगल्यावर अपोलोनिया मागे राहिली. पोर तिला चिकटून उभी होती.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"तू हिला चर्चमध्ये आणलंस, त्या पहिल्या रविवारपासून. अगं, तुझ्या बहिणीला मी ओळखत नव्हते होय? तिला मूलबाळ कुठे होतं? सगळ्या गल्लीला माहीत आहे."

"आणि कुणी बोललं नाही?"

"मी बोलणार होते." गेनोवेफा खाली बघून पिसं गोळा करत होती. "मला दोन मुलगे आहेत, अपोलोनिया. ही सापडली तर गाव जाळतील. हिला दुसरीकडे पाठव, असं सांगायला मी आजच तुला थांबवून घेणार होते."

"मग सांग ना."

"आता कशी सांगू? तिच्यासाठी खोटं बोलले मी. आता ती माझीही झाली." तिने मान वर केली. "तुझ्याकडे झडतीला कुणी आलं, तर हिला कुंपणातून इकडे पाठव. मी दाराला कडी घालणार नाही."

कुणाचे आभार मानायची वेळ अपोलोनियावर कधी आली नव्हती, म्हणून ते कसे मानतात हे तिला ठाऊकच नव्हतं. तिने गेनोवेफाचे दोन्ही हात धरले, डोळ्यांना लावले आणि ती हमसून हमसून रडली.