दुसऱ्या चालकाचं नाव

पडदेवाल्या बाईंचा धंद्यातला एक नियम होता. दुसऱ्याने घेतलेल्या मापावर कापडाला कात्री लावायची नाही. गिऱ्हाईक कितीही शपथेवर सांगो, बाई आपली टेप घेऊन स्टुलावर चढणार आणि खिडकी वर, मध्ये, खाली अशी तीनदा मोजणार. लोक म्हणत, बाई फार चिकित्सक आहेत. असोत बापड्या, त्यांचा एकही पडदा कधी आखूड झाला नाही. अशा बाईने जन्मात एकदाच दुसऱ्याच्या मापावर भरवसा ठेवला, आणि तो दुसरा म्हणजे त्यांचा नवरा.

नवऱ्याचं औषधांचं दुकान होतं. सबंध गल्ली त्यांना जपूनराव म्हणे. जिना उतरणाऱ्याला 'जपून', चहा पिणाऱ्याला 'जपून', नुसत्या उभ्या राहिलेल्यालाही 'जपून'. ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पिणारा माणूस. दुकान भाच्याच्या हवाली करून आठवडाभर परदेशी जायचं, तिथे भाड्याची गाडी घेऊन हिंडायचं, असं ठरलं तेव्हा जेवताना तेच म्हणाले होते, "डोंगरातला रस्ता मी चालवीन. समुद्राकाठचा तू चालव."

बोलणारा बोलून गेला. बाईंनी मात्र चौपन्नाव्या वर्षी गाडी शिकायला नाव घातलं.

पायाला शिलाई मशीनच्या पॅडलची सवय होती, त्यामुळे क्लच चटकन जमला. गाडी मागे घेणं काही केल्या जमेना. पहिल्या परीक्षेत नापास झाल्या, दुसऱ्यांदा पास झाल्या. तिथे गाड्या उलट्या बाजूने चालतात म्हणून दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या मशीनवर बसून दुसऱ्याच हाताने गिअर टाकायच्या. गिअरच्या जागी मोठी कात्री असायची. दर रविवारी जपूनराव शेजारी बसून त्यांच्याकडून सराव करून घेत. ओरडले नाहीत, चिडले नाहीत. बाईंना त्या रविवारांचं फार अप्रूप वाटे. इतक्या वर्षांत या माणसाने आपल्याला काही शिकवायला असा वेळ कधी काढला होता? परदेशी चालवायचा परवानाही हातात आला आणि बाई समुद्राकाठच्या रस्त्याचे मनात मांडे खाऊ लागल्या.

विम्याचं काम जपूनरावांकडे होतं. त्यात त्यांचा हात कोण धरणार? जेवणं झाली की चष्मा लावून बसायचे. साध्या विम्यात नुकसानीचा पहिला मोठा वाटा आपल्या गळ्यात पडतो. मधल्यात तो पडत नाही, पण काच फुटली किंवा टायर फाटला तर आपणच भरायचं. सगळ्यात वरच्या विम्यात काच, टायर, छप्पर, गाडीची खालची बाजू, हरवलेली किल्लीसुद्धा येते. त्यांनी सगळ्यात वरचा घेतला. बाईंनी एकदाच विचारलं, "माझं नाव घातलंत ना?"

"सगळं नीट बघितलंय मी. तू निर्धास्त राहा."

बाई निर्धास्त राहिल्या. टेप काढलीच नाही.

विमानतळावरच्या गाडीच्या काउंटरवर एक तरतरीत मुलगी होती. जपूनरावांनी आपला परवाना पुढे केला. बाईंनी आपलाही काढून शेजारी ठेवला, अगदी सरळ, कडेला कड लावून. मुलीने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"यांचं नाव नाही इथे. चालक एकच आहे," ती म्हणाली. "या चालवणार असतील तर नाव घालावं लागेल, नाहीतर यांच्या हातून काही झालं की विमा लागूच होणार नाही. आत्ता घालू? फारसे पैसे नाहीत. फक्त साहेबांची सही लागेल."

चूक राहिली असेल, माणूस आहे, असं बाईंना वाटलं. त्यांनी हसून नवऱ्याकडे पाहिलं. जपूनरावांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"राहू द्या," ते मुलीला म्हणाले. आणि मग हळूच, "अगं, मागे रांग वाढतेय."

मुलीने बाईंचा परवाना दोन्ही हातांनी परत दिला. तिलाच जास्त लाज वाटली असावी.

गाडीत बसल्यावर बाईंनी विचारलं, "विसरलात का?"

खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. पण जपूनराव म्हणाले, "विसरलो नाही गं. ऐन वेळी तू घाबरशील आणि चालवणार नाहीस, असंच धरून चाललो होतो मी."

"मग शिकवलंत कशाला?"

"तुझा एवढा उत्साह होता. मोडवेना."

म्हणजे ते सगळे रविवार! शेजारी बसून 'छान, छान' म्हणणारा माणूस मनातून पहिल्या दिवसापासून हिला काही जमायचं नाही, असं धरून बसला होता. लहान मुलाला खोट्या फोनवर बोलू द्यावं, तसं. टायरवर भरवसा नव्हता म्हणून टायरचा विमा काढला. काचेवर नव्हता म्हणून काचेचा. बायकोवर नव्हता, तर तिला सरळ वगळलंच. याला केसाने गळा कापणं म्हणतात. बाईंना रडू आलं नाही, संताप आला. त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं ते दोन दिवस तसंच ठेवलं.

तिसऱ्या दिवशी समुद्राचा रस्ता लागला. बाईंनी कल्पना केली होती त्याहून तो सुंदर होता आणि त्याहून सोपा. फोटो काढायला जपूनराव एका कठड्यावर चढले. उतरायची पायरी ओली होती. बाईंना ती दिसली होती. एरवी त्या बोलल्या असत्या, पण बोलणं उरलं होतं कुठे? जपूनराव घसरले आणि त्यांचा घोटा बघता बघता टम्म सुजला. क्लच दाबायचा तो पाय टेकवेना.

बाईंनी त्यांना धरून गाडीपाशी आणलं. पाण्याची बाटली दिली, स्कार्फ ओला करून घोट्याला बांधला. जपूनरावांनी खिशातून किल्ली काढून पुढे केली.

"तूच चालव आता. हळूहळू जाऊ. कोण बघतंय?"

बाईंनी किल्लीकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता, समुद्र डाव्या हाताला होता आणि पाय शिवशिवत होते. सहा महिने त्या याच रस्त्यासाठी मशीनवर गिअर टाकत होत्या. त्यांनी किल्ली नवऱ्याच्या तळहातावर परत ठेवली आणि त्याची बोटं मिटवली.

"माझा विमा नाही," त्या म्हणाल्या. "जपून."

त्यांनीच कंपनीला फोन लावला. नाव घालायचं तर काउंटरवर येऊनच घालावं लागेल, असं उत्तर आलं. शेवटी गाडी ओढून न्यायला ट्रक आला. सगळ्यात वरच्या विम्यात तो फुकट होता. ड्रायव्हरशेजारी दोघं दाटीने बसले. समुद्राकाठचा सबंध रस्ता बाईंनी त्या ट्रकच्या खिडकीतून पाहिला.

अर्ध्या वाटेवर जपूनराव म्हणाले, "चुकलं माझं. पुढच्या वेळी तुझं नाव आधी घालू."

"पुढच्या वेळी विमा मी काढणार आहे," बाई म्हणाल्या. "सगळ्यात वरचा. चालक एकच."

मग त्यांनी काच खाली केली आणि पुढचा रस्ता कुठे वळतो ते नीट पाहून ठेवलं.