सात नंबरची शीळ

आमच्या कामात बोलणं कमी, ऐकणं जास्त. तरी किस्से साचतातच, टाकीच्या तळाशी गाळ साचतो तसे!

काम सांगितलं की लोक आधी हसतात. कोकणच्या समुद्रात एक यंत्र सोडलंय, ते पाण्याखालचे आवाज टिपतं. बावधनच्या ऑफिसातून त्या फाइल्स मला येतात. नेरे गावातल्या सासरी, माडीवर हेडफोन लावून मी खुणा करते: बोट, दणका, डॉल्फिनची शीळ. तिथे जेटीचे खांब ठोकायला लागल्यापासून शिळा कमी, दणकेच जास्त.

*

लग्नानंतर आठवड्यातच सासूबाईंनी विचारलं, "काय म्हंत्यात गं ते मासं?"

"मासे नाहीत, आई. पिल्लांना दूध पाजतात ते. प्रत्येकाची शीळ वेगळी. स्वतःचं नावच समजा."

"सोताचं नाव घेत्यात?" त्या चमकल्या. "आमाला तर नवऱ्याचं बी उखाण्यातच घ्यावं लागलं!"

*

नवं यंत्र तपासायला ऑफिसातल्या आमच्या सरांनी ते मुळशी धरणाच्या पाण्यात सोडलं. स्क्रीनवर आवाजाचा हा जाड पट्टा! सर ओरडले, "केवढं इंजिन आहे हे! इथं जहाज कुठून आलं?"

काठावरचे आजोबा बिडी विझवून म्हणाले, "जहाज न्हाई सायेब, माजी मोटार हाय. गव्हाला पाणी चाललंय. बंद करू व्हय?"

*

मी मुळात कमी बोलणारी. शेजारच्या काकूंनी सासूबाईंना हळूच विचारलं, "सून मुकी हाय का वं?"

"न्हाई. कामावर हाय."

*

आमच्या यादीतला सात नंबर म्हणजे एक डॉल्फिन आई आणि तिचं पिल्लू. दणके सुरू झाले तशी आईची शीळ चढत गेली. पिल्लाचं उत्तर आधी तुटक यायचं, मग येईचना. आठ दिवसांच्या फाइल्स ऐकल्या. जेवणाचं ताट तसंच सोडून उठले.

"माझ्यावर रागावलीयेस का?" नवऱ्याने विचारलं.

"नाही. पिल्लू सापडत नाहीये."

बिचाऱ्याने पलंगाखाली वाकून मांजर शोधलं!

*

शिमग्याला जेटीचं काम बंद होतं. सगळी आशा त्या फाइलवर. लावली, तर नुसते दणके! तसं कळवून टाकलं.

सरांचा फोन आला. "अहो, त्या दिवशी एकही खांब ठोकलेला नाही. हे दणके आणलेत कुठून?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. आम्हीच विकलेल्या शेतात टॉवरचा पाया खोदत होते. ब्रेकर खडक फोडत होता आणि माडी हादरत होती.

"नेऱ्यातून, सर."

ते हसले नाहीत. "संध्याकाळच्या आत पुन्हा ऐका. रिपोर्ट आज जातोय. उत्तर नसेल, तर पिल्लू आईपासून तुटलं, असं लिहावं लागेल."

*

सासूबाई जिन्यातच उभ्या होत्या. पदर खोचून तडक शेतात गेल्या.

"बंद करा ते धूड! माजी सून ऐकतीया!"

"मावशी, किती वेळ?" साइटवरच्या इंजिनिअरने विचारलं.

"च्या पिऊन हुईस्तवर. समद्यांना मीच धाडते!"

ब्रेकर थांबला. खाली सासऱ्यांनी न सांगता टीव्ही बंद केला. वर येऊन सासूबाईंनी हेडफोनची एक बाजू स्वतःच्या कानाला लावली आणि माझं मनगट धरलं.

आईची शीळ आली. पुन्हा. पुन्हा. मनगटावरची पकड घट्ट होत गेली.

मग बारीक, तुटक, पण अगदी जवळून एक शीळ.

"आलं की गं!"

मी खूण केली. पुढची फाइल दुसऱ्या दिवशीची, पुन्हा जेटीच्या दणक्यांची. ती उघडायला मी माऊस हलवला, पण मनगट काही सुटेना.

"ऱ्हाऊ दे जरा," सासूबाई कुजबुजल्या. "बोलून घेऊ दे त्यास्नी."