मसाल्याच्या डब्यातलं जहाज

सोनपेठला आमच्या गल्लीत सकाळी सातच्या सुमाराला शिव्या ऐकू आल्या की समजायचं, कुठल्या तरी परदेशी कंपनीनं जहाजाचं किट पुन्हा लांबणीवर टाकलं. शिव्या उत्तमभाऊ साळव्यांच्या. पाचच मिनिटांत ते आमच्या फाटकाशी उभे राहत. अंगात नौदलातून आणलेला निळा स्वेटर, आणि हात लांब करून मोबाइल माझ्या नाकासमोर धरलेला. "बाई, वाचा. ह्या हरामखोरांनी काय लिवलंय बघा." मी प्राथमिक शाळेतली शिक्षिका. माझा चहा गॅसवर उतू जात असायचा, डबा भरायचा असायचा. तरी मी वाचायची. दर वेळी एकच मजकूर असायचा : लवकरच येत आहे. "दर दिवाळीला लवकरच, दर उन्हाळ्यात लवकरच, आता परत लवकरच! एखादं लेकरू जन्मलं असतं तर आतापर्यंत तुमच्या वर्गात येऊन बसलं असतं, बाई."

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. प्लास्टिकच्या जहाजाचं किट म्हणजे खेळणं नव्हे. खोक्यात जहाजाचं आवरण असतं आणि बाकी सगळं जहाज सुटं. तोफा, शिड्या, दोर गुंडाळायच्या रिळी, होड्या, कठडे, सगळे बारीक तुकडे प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले. त्या चौकटींना उत्तमभाऊ जाळ्या म्हणायचे. एकेक तुकडा कापायचा, त्याची कड घासायची, चिमट्यानं जागेवर धरायचा आणि मगच गोंद. "आधी कोरडं बसवून बघायचं" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, कोरडं म्हणजे गोंदाशिवाय. पोरीच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हाही मुलाकडच्यांना त्यांनी हेच सांगितलं : "घाई न्हाई आमाला. आधी कोरडं बसवून बघू." पाहुणे बावचळून शांतावहिनींकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे, बघत राहिले.

त्यांच्या काचेच्या कपाटात अशी नऊ जहाजं होती. गल्लीतले लोक येता-जाता हसायचे. नेव्हीतून आला आणि बाहुल्या खेळायला लागला, म्हणायचे. समोरच्या किराणा दुकानदारानं एकदा विचारलं, "भाऊ, गोदावरीत कवा सोडायचं?" उत्तमभाऊ तिथल्या तिथे उलटले. "गोदावरीत पाणी किती हाय ते मालूम हाय का? घोटाभर! तेवढ्यात तूच बुडशील, माझं जहाज न्हाई." त्यानंतर वर्षभर त्यांनी त्या दुकानातून काडेपेटीसुद्धा घेतली नाही. राग धरायचा तर तो असा. मला हा स्वभाव आवडायचा, कारण माझाही काही वेगळा नाही. आमची दोन-तीनदा कडाक्याची भांडणं झाली होती, एकदा तर नुसत्या फाटकाच्या कडीवरून.

पण ज्या किटसाठी ते इतकी वर्षं शिव्या घालत होते, ते दहावं वेगळं होतं. उत्तमभाऊंनी बावीस वर्षं नोकरी केली, त्यातली बहुतेक एकाच जहाजावर, आणि तीही त्याच्या पोटात, इंजिनखोलीत. ते मला एकदा म्हणाले, "बाई, सोनपेठमधल्या लोकांना वाटतं मी समुद्र बघितला. मी पाइप बघितले. जहाज धक्क्याला लागलं की अर्धं धक्क्याआड. समुद्रात असलं की मी खाली. फोटोत एकच बाजू दिसती. ज्याच्यात जिंदगी गेली ते वरून, खालून, चहूकडून मी कधी बघितलंच न्हाई." आणि आता बघायलाही ते उरलं नव्हतं, सरकारनं मोडीत काढलं होतं. जहाज मूळचं परदेशी बांधणीचं. त्याच आराखड्यावर बांधलेली जहाजं त्या देशानंही वापरलेली, म्हणून तिकडच्या एका कंपनीनं त्याचं किट जाहीर केलं होतं. साडेतीनशेपट लहान, म्हणजे जेमतेम दीड वीत. उत्तमभाऊंना ते हातात धरून बघायचं होतं. बाकी काही नको होतं त्यांना आयुष्याकडून, आणि तेवढ्यासाठी ती कंपनी त्यांना 'लवकरच'वर झुलवत ठेवत होती.

त्यात डोळे. नजरेच्या कडा काळ्या व्हायला लागल्या तेव्हा त्यांनी चष्म्याचा नंबर बदलला आणि वर्षभर तसंच रेटलं. शेवटी परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल ते औषधावर. तोवर ते नळीतून बघावं तसं बघायला लागले होते. समोरचा तुकडा दिसे, शेजारची कात्री दिसत नसे. "अजून सात-आठ म्हयने मिळतील," ते म्हणाले, "किट आलं तर तीन आठवड्यांचं काम हाय."

आणि किट आलं. पुण्याच्या जावयानं मागवलं आणि एसटीच्या पार्सलनं सोनपेठला धाडलं. उत्तमभाऊ स्टँडवरून खोकं छातीशी धरून चालत आले. रिक्षात बसले नाहीत, हादरे बसतात म्हणून. त्या संध्याकाळी गल्लीत एकही शिवी ऐकू आली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना डोळे तपासायला परभणीला जायचं होतं. पहाटेच्या गाडीला निघताना त्यांनी वहिनींना बजावलं : जाळ्यांना कारखान्यातलं तेल असतं, कोमट पाण्यात साबण घालून धुवायच्या आणि सावलीत वाळवायच्या. बस्स.

रविवार होता. वहिनींनी मला हाक मारली. आम्ही दोघींनी त्यांच्या ओट्यावर बसून जाळ्या धुतल्या, पंच्यावर पसरल्या. सात जाळ्या, तीनशेच्या वर तुकडे. काही तर मोहरीएवढे. वहिनी त्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यांचे डोळे लय दुखायलेत हो बाई. हे एवढं बारीक कवा तोडतील? आपण निवडून ठिवलं तर?"

मी हो म्हटलं. वीस वर्षं पोरांना शिकवलेल्या, सूचना नीट वाचल्याशिवाय पेपर सोडवू नका म्हणून ओरडणाऱ्या मी, हो म्हटलं! इतकंच नाही, घरून शाळेची कात्री आणली. वहिनींनी नेलकटर घेतलं. जे मऊ होतं ते आम्ही गवारीच्या शेंगा मोडाव्यात तसं हातानंच मोडलं. गप्पा मारत दुपारी एकपर्यंत सगळं निवडून झालं. मग वहिनींनी मसाल्याचा डबा घासून-पुसून आणला. गोल तुकडे एका वाटीत, जिऱ्यासारखे लांबट दुसऱ्या वाटीत, चपटे तिसऱ्या, असे सातही वाट्यांत लावून टाकले. इतकं नीटनेटकं दिसत होतं की मला स्वतःचं कौतुक वाटलं. तेवढ्यात भंगारवाला आला. रिकाम्या जाळ्या त्याला दिल्या, त्यानं त्यावर लसूण दिला. अर्धा लसूण मी घरी नेला. त्या लसणाची फोडणी मी त्या दिवशी वरणाला दिली, हे आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

उत्तमभाऊ पाचच्या गाडीनं आले. मीही मुद्दाम थांबले होते, शाबासकी घ्यायला. त्यांनी डबा उघडला. एका वाटीत बोट घातलं, तुकडे वर-खाली केले.

"जाळ्या कुठं हायत?"

"दिल्या की भंगारवाल्याला," वहिनी म्हणाल्या. "लसूण दिला त्यानं. गावरान हाय."

त्यांनी एवढ्या मोठ्यानं ओरडलेलं मी कधीच ऐकलं नव्हतं. "नंबर! नंबर जाळीवर असतो! तुकड्याशेजारी, जाळीवर! तुकड्याला काय नाव-गाव हाय का?" किटसोबतच्या कागदावर चित्रं होती आणि चित्रांत फक्त आकडे. अमुक जाळीचा सतरा नंबर इथे, बावीस नंबर तिथे. ते सगळे आकडे आम्ही लसणावर दिले होते. मग ते माझ्याकडे वळले. "हिला मालूम न्हाई, तुमी तर शिकलेल्या! हजेरीपट फाडून टाकता, पोरं मैदानात मोकळी सोडता, आणि मग इचारता का, कुणाचं नाव काय?"

मलाही राग आला. चूक आपली असली की जास्तच येतो. "मग सांगायचं नाही का आकड्यांचं? धुवा आणि वाळवा, एवढंच म्हणालात!" मी ओरडले. "धुवा आनि वाळवाच म्हणलो होतो!" ते ओरडले. "तोडा म्हणलो होतो का?" मी पाय आपटत घरी गेले.

सोमवारी शाळेत रजा टाकून मी पालमची एसटी पकडली, कारण तो भंगारवाला तिकडचा. तो भेटला, पण माल रात्रीच परभणीच्या व्यापाऱ्याकडे गेला होता. "बाई, त्याचा आतापर्यंत भुगा झाला आसंल," तो म्हणाला. परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून रडले.

चार दिवस उत्तमभाऊ वहिनींशी बोलले नाहीत आणि जेमतेम जेवले. पाचव्या दिवशी फाटकाशी आले. "बाई, रोज साडेपाचला यायचं. चष्मा घेऊन. तुमी मोडलंय, तुमीच लावायचं." कागदाच्या पहिल्या पानावर सातही जाळ्यांचा बारीक नकाशा होता, प्रत्येक तुकड्याच्या आकृतीसह. मी वाटीतला एकेक तुकडा त्या आकृतीशी जुळवायची, आकडा लिहिलेल्या चिठ्ठीवर चिकटवायची. डावा-उजवा तुकडा सारखाच दिसे. एक शिडी तीनदा चुकली. "घाईनं काय ठिवायलात? कोरडं बसवून बघा आधी!" असं ते खेकसत. मी म्हणे, "तुम्हीच बघा मग." मग मीच तुकडा पुन्हा उचले, कारण त्यांना एवढं बारीक नीट बघता येत नाही हेच तर रडगाणं होतं. वहिनी चहा ठेवून निमूट आत जात. मला त्यांचीही कीव येई, पण रागही येई, कारण निवडायची कल्पना त्यांची होती. मग हो म्हणणाऱ्या स्वतःचा राग येई, आणि तो त्या दोघांवरच्या रागापेक्षा मोठा असे.

तीन आठवड्यांचं काम साडेसात महिने चाललं. त्यातले पाच निव्वळ तुकडे ओळखण्यात गेले. उजवा डोळा चौथ्या महिन्यात गेला. डावा, आम्ही धुराडं बसवत होतो तेव्हा. एका संध्याकाळी त्यांनी हातातला चिमटा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाई, दिवा लावा की." दिवा लागलेलाच होता.

लोक माझी समजूत घालतात. डोळे जाणारच होते म्हणतात, तुमचा काय दोष? मला असल्या समजुतीची चीड आहे. डोळे जाणार होते हे खरं. पण जहाज बघून गेले असते. पाच महिने त्या डोळ्यांत नजर होती, आणि ते पाच महिने आम्ही दोघींनी खाल्ले.

उरलेलं मी एकटीनं जोडलं, ते शेजारी बसून सांगतील तसं. रंगही मीच दिला. पूर्ण झालं त्या दिवशी मी जहाज त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी बराच वेळ बोटं फिरवली. "कसं दिसायलंय?"

"फार छान दिसतंय, भाऊ," मी म्हणाले.

"खोटं बोलू नका!" ते गरजले. "डोळे गेलेत माझे, बोटं न्हाई गेली. डोलकाठी डावीकडं कललीय. गोंद कडंला सांडलाय. तारीफ नको मला. जसं हाय तसं सांगा. टोकापासून सुरू करा आनि वाकडं असंल तिथं वाकडं म्हणा."

मग मी सांगायला बसले. नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून. टोक कसं निमुळतं होत वर गेलंय, पुढची तोफ किती पुढे आहे, तिच्यामागे भिंत कशी पायऱ्यापायऱ्यांनी चढते, कुठे खिडक्या, कुठे होडी लटकलीय, कुठे माझ्या बोटाचा ठसा रंगात उमटलाय. धुराडं किती अंशात मागे झुकलंय हे त्यांनी विचारलं, तर मी कोनमापक लावून मोजलं. कललेली डोलकाठी कललेलीच सांगितली. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, मागून. दुपारी जेवण झाल्यावर सुरू केलं ते ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत. ते बोट त्या त्या जागी नेत राहिले आणि माझ्यावर एकदाही ओरडले नाहीत. शेवटी मागच्या टोकाला, पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या पात्यापाशी येऊन मी थांबले.

"आता बघितलं," ते म्हणाले. मग जहाज मांडीवर ठेवून माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "पण तुमच्यावरचा राग गेला न्हाई, सांगून ठिवतो. ह्या जन्मात जायचा न्हाई."

गेल्या पौषात उत्तमभाऊ गेले. वहिनींनी जहाज माझ्याकडे दिलं. शाळेतून आले की मी मऊ ब्रशनं त्याच्यावरची धूळ झटकते, डोलकाठी तशीच कललेली आहे. त्यांनी मला माफ केलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. कारण मीही स्वतःला केलेलं नाही, आणि निदान या एका गोष्टीत तरी आमचं कधी भांडण झालं नाही.