साडभाऊचं रबर

धानाच्या मिलवर किस्से शोधाले जा लागत नाही. नंबर येईपर्यंत माणसं पोत्यावर बसतेत, अन् बसलेला माणूस बोलतेच. साकोलीतली माही मिल जुनी, लोखंडी हलरनं धान सोलणारी. पण रस्त्याच्या पल्याड माह्या साडभावानं, म्हणजे साडू गंगाधरनं, नवी मिल टाकली तेव्हापासून सारे किस्से तिकडलेच. तेव्हा साकोलीत टीव्हीही आला नव्हता, पण ही मिल आली. मी जळलो. सरळ सांगतो, अजूनही जळतो.

*

त्याच्या मिलीत धान सोलाले रबराचे रोल होते. उद्घाटनाले मी चारचौघात म्हणलं, "चपलेचं रबर काय धान सोलन?"

गंगाधरनं मशीन चालू केली. दाणा न् दाणा अख्खा निघाला. मी म्हणलं, धानच चांगलं असन. बाजूचा म्हातारा म्हणे, "धान माहंच आहे. मागच्या साली तुमच्याकडे याचीच कणी झाली होती."

*

तिथं पट्ट्यावरच्या डब्ब्यायनं धान वर जाय. त्याले एलिवेटर म्हणत. माहा हमाल झिबल ते पाहून आला अन् पोतं टाकून खाली बसला.

"मालक, तिथं धान आपल्या मनानं वर चढते."

"मंग?"

"मंग मीच काहून चढू?"

चहा पाजला तेव्हा उठला.

*

कोंडा मात्र माहा हुकमाचा पत्ता होता. हलरवरचा कोंडा बाया म्हशीसाठी घरी नेत. गंगाधर टरफल बॉयलरमध्ये जाळे, त्याच वाफेवर धान उकडे, कोळसा लागतच नसे. मी गावभर सांगत सुटलो, तिथं जाल तर म्हैस उपाशी मरन.

बाया परत आल्या. मी खुश. मंग त्यायले कळलं, तो टरफल तेवढं जाळते, कोंडा निवडून वापस देते, अन् गेल्या पुन्हा तिकडे. पुढच्या हंगामात एक बाई माहा कोंडा घेऊन आली, म्हणे, यात टरफलच जास्त, म्हैस हुंगते अन् तोंड फिरवते. म्हशीवर राग धरणारा तालुक्यात मी एकटाच असन.

*

एकदा लाइन गेली. गंगाधरची मिल मुकी झाली. माहं डिझेल इंजिन होतं, धान नव्हतं. तरी दुपारभर चालवलं. बायको म्हणे, "कोणाले ऐकवून राहिले?"

*

शेवटी माह्याकडे झिबल अन् मीच उरलो. गंगाधरनं निरोप धाडला, भाऊजी, हलर बंद करा, माह्या मिलीत भागीनं या. मले झोंबलं. बापानं बसवलेला हलर याच्या म्हणण्यानं बंद करू? ठरवलं, नाही म्हणाचं, पण जेवाले बोलावून, माहाच तांदूळ खाऊ घालून. बायकोले बजावलं, आपल्या मिलचाच भात रांधजो. ती अन् गंगाधरची बायको सख्ख्या बहिणी, आसगावच्या. ती "हो" म्हणली.

ताटात भात पडला. लांब, पांढरा, शीत न् शीत सुटं. माही छाती फुगली.

"पाह्य गंगाधर, हा हलरचा तांदूळ! आता सांग, बंद करू?"

बायको वरण आणाले आत गेली ते बाहेर आलीच नाही.

गंगाधरनं घास खाल्ला. आपल्या हातानं आणखी भात वाढून घेतला. मंग खाली मान घालून म्हणला, "भाऊजी, रोलचं रबर कालच नवं टाकलं होतं."