आबांच्या घरची सात नावं

कोणाच्याही घरी गेले की आबा आधी बसत नसत. दारात उभे राहून मान वर करून आढं बघत, माळ्याला शिडी आहे का ते बघत, घरातली म्हातारी कुठे झोपते ते विचारत. एवढं झालं की मग खाटेवर टेकत आणि म्हणत, "पानी उनं तं कोन काय उचली?" म्हणजे गावात पुराचं पाणी आलं, तर घरातल्या कोणी काय उचलायचं.

लग्नाचं आमंत्रण द्यायला गेले तरी हेच. एकदा एका घरी सांत्वनाला गेले आणि तिथेही विचारून बसले. त्यांच्या बायकोने तेव्हा पदराआडून असा काही डोळा वटारला की आबा उरलेला वेळ मुकाट बसून राहिले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "इचारनं तं पडीच ना." असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. तो येताना दिसला की आपण उगीच कामात असल्यासारखं करतो.

माझी बदली तापीकाठच्या त्या गावी झाली, तेव्हा महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते. शाळा दोन खोल्यांची, मास्तर मी एकटा, आणि राहायला जागा आबांच्या शेजारी. आबा गुजर शेतकरी. कपाशी, केळी, थोडा ऊस. घरात गुजरी-अहिराणी मिसळून, गावाशी नुसती अहिराणी. माझ्याशी सुरुवातीला पुस्तकी मराठी बोलायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो दोघांनाही झेपेना. वय पंचावन्नच्या आसपास, पाठीत किंचित बाक, आणि चेहरा कायम दमलेला. उत्साह म्हणतात तो त्यांच्यात मी कधी पाहिला नाही. "थकी गऊ मास्तर, पन सांगनं पडस," असं म्हणत ते गुडघ्यावर हात ठेवून उठत आणि पुढच्या घरी जात.

त्यांच्या तरुणपणी नदी गावात शिरली होती. तेव्हा घरातल्या चौघांनी मिळून लोणच्याची मोठी बरणी वाचवली आणि आगपेटी कोणीच घेतली नाही. गावामागे जुनी मातीची गढी आहे. आता नुसतं उंच टेकाड, वर एक निंब. तिथे तीन दिवस सगळं घर भिजलेली कच्ची डाळ आणि लोणचं खात बसलं. "तवयपाईन माले लोनचं चालत नही," आबा सांगत आणि स्वतःच हसत.

त्यातून त्यांनी एक रीत काढली. घरातल्या प्रत्येकाला एकच काम, ते आधी ठरलेलं. एकाने म्हातारीला पाठीवर घ्यायचं. एकाने गुरांची दावी विळ्याने कापायची, सोडत बसायचं नाही, कारण ओली गाठ सुटत नाही. एकाने गूळ-फुटाण्यांचं गाठोडं घ्यायचं, एकाने मेणाने बूच बंद केलेली बाटली, तिच्यात आगपेटी. आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही. आबा तेवढ्यावर फार कडक होते. हात घातला की चौघं एका बरणीला धरतात, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

हे सगळं कागदावर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. घरागणिक एक कागद, त्यावर माणसांची नावं, नावापुढे काम. खळीने तो दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायचा आणि त्याची एक नक्कल शाळेत ठेवायची. शाळा सुटल्यावर आम्ही दोघं हिंडायचो आणि मी मनातून वैतागलेला असायचो. निम्म्या गावाला वाचता येत नव्हतं. तरी आबा म्हणत, कागद असला की माणूस ऐकतो.

आषाढात एकदा ते थाळी बडवत आणि सगळ्या गावाने आपापलं काम उचलून गढीवर यायचं, अशी तालीम होई. पहिल्या वर्षी एका म्हातारीने मुलाला ढकलून दिलं, "मी काय गठडं शे का?" दुसऱ्या एकीला मात्र मुलाच्या पाठीवर बसणं इतकं आवडलं की ती वर्षभर आबांना गाठून विचारायची, "आबा, परत कवय शे?" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आबा निंबाखाली उभे राहून एकेक घर मोजायचे आणि घाम पुसायचे.

मग एका वर्षी श्रावणात आबांची मुलगी, अहिराणीत आंडेर, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला कळसाडीला दिलेली होती. पोरगी बोलकी होती, आल्या दिवशीच मला म्हणाली, "मास्तर, आबानी तुमले बी कामले लाई दिधं का?" महिनाभराने तिला मुलगा झाला. बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सगळ्यात आतली, खिडकीला चिंध्या कोंबलेली, वारा लागू नये म्हणून. तिथे आत जायचं ते तिच्या आईने आणि सुइणीने. पुरुषमाणूस त्या दाराशीही थांबत नसे.

त्याच सुमारास आबांच्या दारावरचा कागद ओलीने फुगला म्हणून मी नवा लिहायला बसलो. आबा, त्यांची बायको, म्हातारी आई, मुलगा, सून, दोन नातवंडं. सात नावं झाली. मी सहज विचारलं, "आबा, ताईचं नाव घालू का?"

"आंडेर आते कळसाडीनी," आबा म्हणाले. "आठे पाव्हनी शे. तिनं नाव तिना घरना कागदमा."

कळसाडीला असला कागद कुठे होता! पण मलाही त्यात काही खटकलं नाही. लेकीला घरात धरत नाहीत, हे माझ्याही घरी तसंच होतं. मी दौतीचं झाकण लावलं.

पाणी आलं ते भादव्यात, भर दुपारी. आमच्याकडे लख्ख ऊन, पाऊस पडला असेल तो वर कुठेतरी. आबांनी थाळी बडवली आणि खरं सांगतो, मी असं गाव पुन्हा पाहिलं नाही. कोणी ओरडलं नाही, कोणी धावलं नाही. दावी कापली गेली, म्हाताऱ्या पाठीवर चढल्या, बाटल्या निघाल्या. गल्लीत घोट्याइतकं पाणी यायच्या आत सगळे गढीवर. मी शाळेतल्या कागदांची जुडी घेऊन निंबाखाली नावं पुकारत होतो आणि आबा माझ्या शेजारी उभे होते. शेवटी त्यांचं घर. सात नावं, सात माणसं हजर. आबांनी डोळे मिटले, लांब श्वास सोडला. त्यांचा तो दमलेला चेहरा एवढा निवलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

तेवढ्यात त्यांच्या बायकोने सासूला खाली बसवलं, इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, "आंडेर कोनी आनी?"

कोणीच आणली नव्हती. आईच्या वाट्याला सासू होती. तिला वाटलं, मुलगा आणेल. मुलगा गुरांकडे होता, आणि त्या खोलीत तो जाणार कसा? सुनेच्या दोन्ही काखांत पोरं होती. आबा थाळी वाजवत गावभर फिरत होते. ज्याने त्याने आपापलं काम चोख केलं होतं.

आबा उतारावरून जे निघाले ते घसरतच खाली गेले. तोवर गल्लीत छातीएवढं पाणी होतं. मुलगा आणि गावचे दोन भोई दोर बांधून पुढे झाले, आबांना आम्ही धरून ठेवलं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. कौलं काढून तिला माळ्यावरून वर ओढली. चौदा दिवसांची बाळंतीण, अंगात ताप, पोर लुगड्याने छातीशी घट्ट बांधलेलं. दोघं जिवंत होती.

गढीवर तिला घोंगडीत गुंडाळून बसवलं. ती रडली नाही. आबा समोर उभे होते, हात कुठे ठेवावे ते त्यांना कळत नव्हतं. तिने माझ्या हातातल्या जुडीकडे पाहिलं आणि आबांना हळूच विचारलं, "मन्हं नाव कोठे व्हतं?"

कागद लिहिताना लेखणी माझ्या हातात होती, हे तिथे कोणालाच आठवलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. मला तेव्हा लाज वाटली आणि ती अजून वाटते.

गावातलं एकही माणूस पुरात गेलं नाही. लोक आबांच्या पाया पडायला येत, तेव्हा ते पाय मागे घेत. चिखल उपसून झाल्यावर ते माझ्याकडे आले. "मास्तर, नवा कागद करा. आज ज्या छप्परखाल जो झोपी, त्यानं नाव लिखा. पाव्हना ऱ्हावो, सालदार ऱ्हावो." मग ओट्यावर बसून राहिले. पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून निघेना. "आंडेर ऱ्हावो," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

ताप उतरल्यावर सासरचे येऊन तिला घेऊन गेले. पुढचं बाळंतपण तिने कळसाडीलाच केलं, त्यापुढचंही. आबा दिवाळीला आणायला जात आणि एकटेच परत येत. एका उन्हाळ्यात त्यांनी त्या आतल्या खोलीची मागची भिंत फोडली आणि थेट गढीच्या वाटेवर उघडणारं दार बसवलं. बाळंतिणीच्या खोलीला बाहेरून दार! म्हाताऱ्या बायका तोंडावर बोलल्या, वारा लागेल, दृष्ट लागेल. आबांनी ऐकून घेतलं. दार मात्र रोज सकाळी स्वतः उघडून, झाडून, परत लावत.

नंतर माझी बदली झाली. आबा गेल्याचं कळलं तेव्हा मी म्हसावदच्या शाळेत होतो. पोहोचेपर्यंत दहावा होऊन गेला होता. घरात माणसांची गर्दी, म्हणून मी मागच्या बाजूला गेलो. मुलगी त्या दाराच्या उंबऱ्यावर बसली होती, पाय बाहेर सोडून. केसांत थोडं पांढरं दिसत होतं. तिने मला ओळखलं, सरकून जागा दिली. ती चौकटीवर तळहात फिरवत होती.

"हाई दार मी आतेच दखं, मास्तर," ती म्हणाली. "आबानी माले कधी सांगंच नही."