हरभऱ्यातली उभी बाई

सदाशिवराव अल्लीपूरच्या शाळेत चित्रकला शिकवत. निवृत्त झाल्यावर ते हिवाळ्यात रोज सकाळी स्कूटीला रंगपेटी बांधून गावाबाहेर जाऊ लागले. तिथे एका वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पळसाची थोडी झुडपं आहेत. बाकी सगळं शिवार उघडं. झुडपांच्या सावलीत घडीचं स्टूल मांडून ते दुपारपर्यंत रंगवत बसायचे.

त्यांच्या चित्रांत बहुतेक जागा आभाळाची आणि हरभऱ्याची. खाली कुठेतरी नखाएवढी बाई, साडीवर नवऱ्याचा सदरा घातलेली. बाकीच्या वाकून निंदत असतात, ही मात्र ताठ उभी.

वर्ध्यात चित्रांचं प्रदर्शन भरलं तेव्हा लोक म्हणाले, किती शांत वाटतं! सदाशिवरावांना मात्र कांताबाईचं मत हवं होतं. त्या वावरात निंदायला येणाऱ्या कांताबाई आणि सुलोचना यांना त्यांनी मुद्दाम ऑटो करून आणलं होतं. आपण यांना चित्रात मान दिला, तो यांच्यापर्यंत पोचावा, एवढीच त्यांची इच्छा.

कांताबाई चित्राच्या अगदी जवळ गेली. "माय वं, हा तं माह्या बुढ्याचा सदरा!"

"अन् तोंड कुठं हाय तुवं?" सुलोचना म्हणाली.

"नाई तेच बरं. फोटोत मी भुतावानी दिसतो."

सदाशिवराव मनापासून हसले. "कांताबाई, तुम्ही अशा उभ्या राहून काय पाहत असता हो?"

कांताबाईने पदर तोंडाला लावला. सुलोचनाने तिला कोपर मारलं. "सांग न आता गुरुजीले."

"चूप बस वं."

"मंग मी सांगतो. तुमालेच पाहून राह्यते ते. कवा उठता म्हणून."

"मला? कशाला?"

सुलोचनाचं हसू ओसरलं. तिने आवाज खाली घेतला. "बाईले आडोसा लागते जी. सगळ्या शिवारात तेवढीच झुडपं, अन् तिथं तुमी बसता. आमी तं पानी पेनंच सोडलं. मागच्या साली हिले लघवीची जळजळ होऊन ताप आलता, दवाखान्यात न्या लागलं."

"अहो, मला सांगायचं ना!"

"असं सांगता येते का गुरुजीले?" कांताबाई म्हणाली. ती आता चित्राकडे पाहत नव्हती.

सदाशिवरावांचे कान तापले. समोरच्या भिंतीवर, बाजूच्या भिंतीवर, सगळीकडे ती उभी होती. सगळी चित्रं उतरवून तोंडं भिंतीकडे करून ठेवावीत असं त्यांना झालं.

तेवढ्यात कॉलेजातली एक मुलगी जवळ आली. "सर, ही बाई काय करतेय?"

कांताबाईने दचकून त्यांच्याकडे पाहिलं. खरं सांगून टाकलं असतं तर त्यांना मोकळं वाटलं असतं. पण चारचौघांत लाज तिची गेली असती.

"उभी आहे," ते म्हणाले.

"ध्यान लागल्यासारखी ना?"

"हो."

त्यानंतर ते धुऱ्यावर गेले नाहीत. आता घराच्या गच्चीवरून रंगवतात: पाण्याच्या टाक्या, टिनाची छपरं, वर आभाळ. माणूस नसतो. भेटेल तो जुन्या चित्रांतल्या शांततेचं कौतुक करतो, आणि सदाशिवराव मान खाली घालून ऐकून घेतात. एवढा गुणी माणूस, पण किती नम्र, असं लोक म्हणतात.